तीन भूमिका, तिन्ही फळीवर

थोडं लांब लिहितोय. सवड असेल तर आत्ता वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

सेन्सॉरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास एक वाक्य टाकतं. "अहो, बंधनं असली की कलावंत जास्त चांगलं काम करतो. रशियाचंच बघा ना. केवढी दडपशाही, आणि तरी सिनेमे कसले एकेक!" वाक्य चटकदार आहे. डाव्या विचारांच्या मित्रांना आवडतं, कारण त्यात सोव्हिएत सिनेमाचं कौतुक आहे. उजव्या मित्रांना आवडतं, कारण त्यात दडपशाहीची कबुली आहे. आणि खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसाला तर ते आवडणारच, कारण मग कात्री चालवणं ही कलेची सेवाच ठरते!

मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही, ते एका नटाच्या हिशेबावरून सांगतो.

नटाचं नाव रोलान बीकोव. जन्म १९२९, मृत्यू १९९८. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण सोव्हिएत काळात वाढलेल्या माणसाला ते सांगा, तो लगेच हसेल. लहान चण, टक्कल, आणि मनात सतत काहीतरी शिजतंय असा चेहरा. नायकाच्या साच्यात कुठूनही न बसणारा माणूस. गोगोलच्या 'ओव्हरकोट' या कथेवर १९५९ मध्ये चित्रपट निघाला, त्यातला गरीब कारकून बीकोवने केला. १९७५ च्या 'बुरातिनो' या मुलांच्या चित्रपटातला लबाड बोकाही तोच. मुलांसाठी त्याने स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले. म्हणजे हा काही झेंडा घेऊन रस्त्यावर उतरलेला बंडखोर नव्हता. सरकारी स्टुडिओत काम करणारा, घराघरात लाडका असलेला कलाकार होता.

आता याच माणसाच्या ऐन उमेदीतल्या तीन भूमिका बघा.

पहिली, आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या 'आंद्रेई रुब्ल्योव' मधली. पंधराव्या शतकातल्या, चर्चसाठी चित्रं काढणाऱ्या एका साधूची ही कथा. बीकोव त्यात भटका कलाकार झालाय. आपला सोंगाड्या म्हणा ना. पावसात एका झोपडीत गावकरी जमलेत, हा नाचतो, गातो, बड्या लोकांची टिंगल करतो, लोक खिदळतात. थोड्या वेळाने सरदाराची माणसं येतात. त्याचं डोकं झाडावर आपटतात, वाद्य फोडतात आणि त्याला उचलून नेतात. पुढे कित्येक वर्षांनी तो परत दिसतो, तेव्हा त्याची अर्धी जीभ कापलेली असते. चुगली कुणी केली होती, तेही चित्रपट शेवटाकडे सांगतो. चुगली करणारा रुब्ल्योवच्याच सोबतचा एक साधू निघतो.

चित्रपट १९६६ मध्ये तयार झाला. फार क्रूर आहे, फार अंधारा आहे, फार लांब आहे, अशा तक्रारी निघाल्या. तार्कोव्हस्कीने वीसेक मिनिटं कापलीसुद्धा. १९६९ मध्ये कान महोत्सवात तो स्पर्धेबाहेर, तोही अगदी शेवटच्या दिवशी पहाटे चार वाजता दाखवला गेला, आणि तरी समीक्षकांचा पुरस्कार घेऊन आला. मायदेशात लोकांना दिसला १९७१ च्या अखेरीस. पाच वर्षं गेली.

दुसरी भूमिका 'कमिसार' मधली. दिग्दर्शक अलेक्सांद्र अस्कोल्दोव, वर्ष १९६७. यादवी युद्धाचा काळ. लाल सैन्यातली एक करारी बाई, कमिसार वाविलोवा, गरोदर राहते. बाळंतपणासाठी तिला एका गरीब ज्यू कुटुंबाच्या घरात ठेवतात. एवढंसं घर, सहा पोरं, त्यात ही आणखी एक. बीकोव त्या घराचा कर्ता, पत्र्याची भांडी दुरुस्त करणारा येफिम. आधी कुरकुरतो, मग हळूहळू तिला घरातलीच करून टाकतो. वाविलोवा केली नोना मोर्द्युकोवाने. 'डायमंड आर्म' या तुफान चाललेल्या विनोदी चित्रपटात सोसायटीतल्या लोकांवर डाफरणारी बाई म्हणून लोक तिला ओळखायचे, ती हीच. 'कमिसार' मध्ये तिने जे केलंय, ते बघितल्यावर वाटतं की या बाईचं नाव जगभर व्हायला हवं होतं.

हा चित्रपट क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षासाठी होता. पण १९६७ च्या जूनमध्ये इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध झालं, सोव्हिएत सरकारने इस्रायलशी संबंध तोडले, आणि अचानक पडद्यावरचं प्रेमळ ज्यू कुटुंब अडचणीचं झालं. त्यात चित्रपटात एक प्रसंग असा, की पुढे हिटलरच्या काळात या माणसांचं काय होणार आहे ते दिसतं. कुटुंब दुसऱ्या कुठल्या तरी जमातीचं दाखवा, अशी सूचना आली. अस्कोल्दोव नाही म्हणाला.

तो का नाही म्हणाला, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलंय. १९३७ च्या सुमारास, तो पाच वर्षांचा असताना, स्टालिनच्या माणसांनी त्याच्या आईवडिलांना उचललं. वडील मारले गेले. त्या रात्री या पोराला दार उघडलं ते एका ज्यू कुटुंबाने. ती माणसं पुढे नाझींच्या हत्याकांडात संपली. आता सांगा, हा माणूस ते कुटुंब चित्रपटातून कसं काढणार?

मग पक्षातून हकालपट्टी, स्टुडिओतून हकालपट्टी, आणि चित्रपट वीस वर्षं बंद. मूळ कथा वासिली ग्रोसमनची. त्याची गत तर आणखी वाईट. त्याच्या मोठ्या कादंबरीची हस्तलिखितं १९६१ मध्ये केजीबी उचलून घेऊन गेली, टाइपरायटरच्या रिबिनीसकट. पुस्तक छापून आलेलं न बघताच तो १९६४ मध्ये वारला.

तिसरी भूमिका, अलेक्सेई गेर्मानच्या 'रस्त्यावरची पारख' मधली. वर्ष १९७१. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या पिछाडीला जंगलात लढणारी एक गनिमी तुकडी. तिचा प्रमुख लोकोत्कोव म्हणजे बीकोव. लाल सैन्यातून फुटून जर्मनांकडे गेलेला एक जण पश्चात्ताप होऊन परत येतो. त्याला गोळी घालायची की विश्वास ठेवायचा? लोकोत्कोव विश्वास ठेवतो. यातला एक प्रसंग विसरता येत नाही. पुलाला सुरुंग लावलाय, वरून शत्रूची गाडी येतेय, आणि नेमका त्याच वेळी खालून पकडलेल्या रशियन सैनिकांनी खचाखच भरलेला तराफा जातोय. लोकोत्कोव पूल उडवू देत नाही. ते शेकडो चेहरे गप्प वर बघत पुढे सरकत राहतात.

स्टालिनचा १९४१ चा २७० नंबरचा आदेश होता, की शत्रूच्या हाती जाणारा अधिकारी हा गद्दार, आणि त्याच्या घरच्यांनाही सजा. त्या वातावरणात वाढलेल्या अधिकाऱ्यांना, शरण गेलेल्या माणसावर दया दाखवणारा चित्रपट कसा चालणार? पंधरा वर्षं तो अडकला. १९८६ मध्ये लोकांना दिसला.

करा बेरीज. पाच, वीस आणि पंधरा. पस्तिशीपासून बेचाळिशीपर्यंत एका नटाने आयुष्यातल्या तीन सर्वोत्तम भूमिका केल्या, आणि त्यातल्या दोन प्रेक्षकांनी पाहिल्या तेव्हा तो साठीला टेकला होता. मोर्द्युकोवाने साठी ओलांडली होती. नटाचं काम काही लोणचं नाही, मुरल्यावर गोड लागायला. त्या त्या वयात कौतुक झालं तर पुढची भूमिका मिळते. जी पुढची भूमिका मिळालीच नाही, ती कुठल्या कपाटात शोधायची?

रशियन भाषेत अशा चित्रपटांना नावच पडलंय, 'फळीवरचे'. फळी म्हणजे कपाटातली फळी. हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. स्टालिनच्या काळात रांगडा कारभार होता. आयझेनस्टाईनचा 'बेझिन मेडो' १९३७ मध्ये मध्येच थांबवला आणि तो नष्ट झाला, आज त्यातल्या थोड्या फ्रेम्स उरल्यात. त्याच्या 'इव्हान द टेरिबल' चा दुसरा भाग १९४६ मध्ये रोखला. तो लोकांसमोर आला १९५८ मध्ये, आणि आयझेनस्टाईन १९४८ लाच गेला होता. पण ब्रेझनेवच्या काळात पद्धत सुधारली. चित्रपट जाळायचा नाही. नीट डब्यात घालून फळीवर ठेवून द्यायचा. आपल्याकडे म्हणतात तसं, बासनात गुंडाळायचा.

आणि हे सगळं अगदी सभ्यपणे चालायचं. आधी पटकथा स्टुडिओतले संपादक वाचणार. मग 'गोस्किनो', म्हणजे चित्रपटांचं सरकारी खातं वाचणार. चित्रपट झाला की दुरुस्त्या निघणार. हे वाक्य काढा, तो प्रसंग छोटा करा, शेवट जरा उजळ करा. तेवढ्यानेही नाही भागलं तर खालचा दर्जा द्यायचा. दर्जा खालचा म्हणजे दिग्दर्शकाचा मोबदला कमी, प्रिंट थोड्या, थिएटर कुठलं तरी आडबाजूचं. बंदी कुठे घातली? घातलीच नाही! किरा मुरातोवाच्या 'ओझरत्या भेटी' या १९६७ च्या चित्रपटाचं असंच झालं. व्लादिमीर विसोत्स्कीसारखा, ज्याच्या गाण्यांवर अख्खा देश फिदा होता असा गायक-नट त्यात होता, तरी तो मोजक्या पडद्यांवर लागला आणि दिसेनासा झाला.

माझ्यासारख्या छोट्या गावातल्या पत्रकाराला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. बातमी छापू नका, असं आमच्या धंद्यात कुणी लिहून देत नाही. "आज जागा नाही", "जरा दुसरी बाजू येऊ दे", "सणासुदीला कशाला", "पुढच्या आठवड्यात बघू". पुढच्या आठवड्यात ती बातमी शिळी झालेली असते. बंदीविरुद्ध कोर्टात जाता येतं. "बघू" विरुद्ध कुठे जाणार? म्हणून मला ही फळी जाळपोळीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. जळलेल्या गोष्टीचा निदान धूर दिसतो.

आता कुणी म्हणेल, पण काही चांगले चित्रपट सुटलेच की! सुटले. कसे सुटले, तेही बघा. 'वाळवंटातला पांढरा सूर्य' हा १९७० चा धमाल चित्रपट स्टुडिओतल्या वरिष्ठांना पसंत नव्हता, तो रखडला होता. ब्रेझनेवने तो आपल्या बंगल्यावर बघितला, त्याला आवडला, झालं काम! आज रशियन अंतराळवीर उड्डाणाआधी हाच चित्रपट बघतात, तशी प्रथाच आहे. लारिसा शेपित्कोचा 'आरोहण' अडणार अशी चिन्हं होती. बेलारूसचा पक्षप्रमुख माशेरोव याला तो दाखवला. माशेरोव स्वतः युद्धात गनिमी सैनिक होता, त्याच्या आईला जर्मनांनी मारलं होतं. चित्रपट बघताना त्याला रडू आवरलं नाही. चित्रपट सुटला आणि १९७७ मध्ये बर्लिनचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, जिंकून आला.

मस्त किस्से आहेत, मीही रंगवून सांगतो. पण त्यांचा अर्थ काय? एका बड्या माणसाला रात्री जेवणानंतर मजा आली, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून चित्रपट वाचले. अस्कोल्दोवच्या नशिबी रडणारा साहेब नव्हता, एवढाच फरक.

'डायमंड आर्म' चा दिग्दर्शक गाइदाय याची एक गोष्ट सांगतात. सेन्सॉरला दाखवायच्या प्रतीत त्याने शेवटी, काही संबंध नसताना, अणुस्फोट जोडला. अधिकारी हबकले. "हे काढा!" गाइदाय अडून बसला. शेवटी मोठ्या मिनतवारीने त्याने तेवढा स्फोट काढला, आणि बाकीचा चित्रपट बचावला. हुशारी म्हणून शंभर टक्के दाद. पण ही हुशारी चित्रपटात वापरायची की चित्रपट वाचवण्यात खर्च करायची? "बंधनात कला फुलते" म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

मग १९८६ उजाडलं. गोर्बाचेव आले होते, वारं फिरलं होतं. मे महिन्यात चित्रपटकारांच्या संघाचं अधिवेशन झालं, जुने मातब्बर खाली बसले आणि एलेम क्लिमोव प्रमुख झाला. शेपित्कोचा नवरा. ती १९७९ मध्ये चित्रीकरणासाठी जागा बघायला गेलेली असताना मोटार अपघातात गेली होती, आणि तिचा अर्धा राहिलेला चित्रपट यानेच पुरा केला होता. क्लिमोवच्या स्वतःच्या चित्रपटांनीही फळी पाहिली होती. या संघाने एक समिती नेमली, आंद्रेई प्लाखोव या समीक्षकाच्या हाताखाली, आणि कपाटं उघडायला सुरुवात केली. एकेक डबा खाली येऊ लागला.

गंमत बघा, तरी 'कमिसार' खाली येईना! मोकळीक देणाऱ्यांनाही तो नको होता. १९८७ च्या जुलैत मॉस्को महोत्सवात एका परदेशी पत्रकाराने विचारलं, की सगळे अडकलेले चित्रपट आता सुटले का? सुटले, असं उत्तर मिळालं. तेव्हा अस्कोल्दोव उठून उभा राहिला आणि आपल्या चित्रपटाचं बोलला. वीस वर्षं गप्प बसलेला माणूस! त्यानंतर 'कमिसार' दाखवला गेला, आणि १९८८ मध्ये बर्लिनमध्ये त्याला ज्युरींचं खास पारितोषिक, सिल्व्हर बेअर, मिळालं. एका पत्रकाराच्या एका साध्या प्रश्नाने हे झालं, म्हणून मला तो प्रसंग जरा जास्तच जवळचा वाटतो.

इथे गोष्ट गोड होते, आणि इथेच फसगत होते. चित्रपट परत आले, बक्षिसं मिळाली, म्हणजे नुकसान भरून निघालं असं वाटतं. पण फळीवरून खाली काय आलं? जे तयार झालं होतं तेच. जे तयारच झालं नाही, ते कुठल्याच फळीवर नव्हतं.

अस्कोल्दोव २०१८ मध्ये स्वीडनमध्ये वारला. 'कमिसार' नंतर त्याने दुसरा कथापट केला नाही. एकही नाही. पाराजानोवला १९७३ मध्ये अटक झाली, चार वर्षं छावणीत काढली, आणि १९६९ नंतरचा त्याचा मोठा चित्रपट यायला १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. मुरातोवाला १९७१ नंतर पुढच्या चित्रपटासाठी जवळपास सात वर्षं थांबावं लागलं. तार्कोव्हस्कीचे उणेपुरे सात चित्रपट, त्यातले दोन परदेशात. दोस्तोयेव्हस्कीच्या 'इडियट' वर त्याला चित्रपट करायचा होता, तो राहिला. १९८६ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तो गेला, बरोबर त्याच वर्षी, जेव्हा मायदेशात कपाटं उघडत होती.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्हीच कमेंटमध्ये मांडाल. हे सगळे लोक आभाळातून पडले नव्हते. १९१९ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, याच राजवटीने मॉस्कोत चित्रपटाची शाळा काढली. तार्कोव्हस्की, शेपित्को, क्लिमोव, मुरातोवा, मोर्द्युकोवा, सगळे तिथेच शिकले. गल्ल्याची काळजी न करता एकेका दृश्यावर महिनोन्महिने काम करायची मुभा सरकारी पैशानेच दिली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आजही आयझेनस्टाईन आणि पुडोव्हकिन शिकवले जातात, ते उगाच नाही. आणि हीच राजवट परक्या सिनेमाबाबत चांगली दिलदारही होती. १९५४ मध्ये तिथे आपला 'आवारा' लागला आणि सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. राज कपूरसाठी दारं सताड उघडी, घरच्या पोरांसाठी कुलूप!

आणि १९९१ नंतर कुलूप गेलं, पण त्याबरोबर पैसाही गेला. नव्वदच्या दशकात तिथली कितीतरी थिएटरं फर्निचरची दुकानं झाली. म्हणजे सेन्सॉर गेला की सिनेमा आपोआप बहरतो, असंही नाही. बाजारालाही आपली एक फळी असते.

म्हणून माझा मुद्दा एवढाच. सोव्हिएत सिनेमा चांगला झाला तो शाळेमुळे, पैशामुळे, मिळालेल्या वेळेमुळे आणि हट्टी माणसांमुळे. साहेबांमुळे झाला नाही. साहेबांनी फक्त त्यातला किती कमी होईल ते ठरवलं. शेतात पीक जोमदार आलं म्हणून आपण टोळधाडीचे आभार मानत नाही.

'आंद्रेई रुब्ल्योव', 'कमिसार' आणि 'रस्त्यावरची पारख' जमेल तसे शोधून बघा. मोसफिल्म स्टुडिओने आपले बरेच जुने चित्रपट यूट्यूबवर फुकट ठेवलेत, सबटायटल्ससह. मोबाईलवर बघा, पण एकटे आणि एका बैठकीत. आणि पुढच्या वेळी कुणी "बंधनात कला फुलते" म्हणालं, तर वाद घालू नका. फक्त विचारा, अस्कोल्दोवचा दुसरा चित्रपट कुठला?